उज्ज्वला तापाने गेली नव्हती

आधी एक चूक दुरुस्त करते. मृत्युपत्र त्यानंतर.

दिनांक १६ जुलै १९५६ रोजी मी माझे काका श्री. चारुदत्त निजसुरे यांना आमच्या बालगृहासाठी मदत मागणारे चार पानी निवेदन दिले. त्याच्या तिसऱ्या पानावर असे वाक्य आहे : "माझी धाकटी बहीण उज्ज्वला वयाच्या आठव्या वर्षी तापाने गेली, त्या दुःखातून मला या कामाची ओढ लागली." या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा आहे. उज्ज्वलाला ताप नव्हता. तिला मारले. कोणी व कशाने ते कलम तीनमध्ये येईल. दुसरा अर्धा भाग खरा आहे, पण खोट्याला जोडलेला असल्यामुळे तोही मी तूर्त मागे घेते.

आता रीतीप्रमाणे.

मी, कुमारी कालिंदी श्यामराव निजसुरे, वय वर्षे सव्वीस, धंदा नोकरी, राहणार हाजरा रोड, कलकत्ता, हे लिहून ठेवते ते पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय. भीती वाटते, पण भीती म्हणजे दडपण नव्हे, असे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या कागदावर खाडाखोड नाही. जिथे चुकले आहे तिथे पुढे तसे लिहिले आहे.

सव्वीस वर्षांच्या मुलीला मृत्युपत्राची घाई का, असे कोणी विचारील. डाव्या कानामागे मला आठ टाके पडले आहेत. त्या कानाने आता ऐकू येत नाही. टाके घालणारे डॉ. दिगंबर आठल्ये म्हणाले, "पुन्हा तिथंच बसलं, तर मला बोलावू नका, उपयोग नाही." ज्या माणसाने हे केले त्याच्यासमोर मला पुन्हा उभे राहायचे आहे. म्हणून घाई.

कलम एक. माझी मालमत्ता.

माझे वडील कै. श्यामराव यांनी आपल्या मृत्युपत्राने मला हाजरा रोडवरच्या घरातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या, मागचे अंगण, अंगणातला नळ आणि पुढच्या दाराने येण्याजाण्याचा हक्क दिला. बाकीचे घर काकांचे आहे. वडिलांनी हयातभर काकांच्या हावड्याच्या तराजूच्या कारखान्यात नोकरी केली आणि हयातभर त्यांना उलट उत्तर दिले नाही. या दोन खोल्या हेच त्यांचे एकुलते उत्तर असावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. शिवाय कै. आईच्या चार बांगड्या, पोस्टातली थोडी बचत, एक शिवणयंत्र, एक पाटी, आणि एक शिसवी रूळ. रूळ माझा नाही. मी तो चोरला आहे. त्याचे पुढे येईल.

कलम दोन. माझे शिक्षण.

हे कलम मालमत्तेत धरावे की नाही याची खात्री नाही, तरी लिहिते, कारण जे मला मिळाले ते कोणाकडून मिळाले हे लपवणे बरे नाही.

मला लिहायला, वाचायला, हिशेब मांडायला आणि शुद्ध बोलायला काकांनी शिकवले. लढाईच्या वर्षांत बॉम्बच्या भीतीने शाळा बंद पडल्या, तेव्हा त्यांनी माडीवरच्या दिवाणखान्यात आमची शाळा भरवली. विद्यार्थी तीन : मी, उज्ज्वला आणि काकांचा मुलगा श्रीकांत. सकाळी सात ते दहा. बाहेर बंगाली, बाजारात हिंदी, पण त्या दिवाणखान्यात एक शब्द परका आला की बोटांवर रूळ. रूळ त्यांनी स्वतःच्या कारखान्यात लेथवर काढवून घेतला होता. शिसवी, गोल, हातभर लांब, दोन्ही टोकांना पितळी टोपणे. त्याने वहीत रेघा मारायच्या आणि चुकणाऱ्याला मारायचे. तो रोज पुसून त्यांच्या हातात देणे हे माझे काम होते, कारण मी मोठी होते आणि चुकत नसे.

मी चुकत नसे. आजही मी पत्र तीनदा वाचल्याशिवाय पाकिटात घालत नाही. आमच्या प्रेमलतादी, म्हणजे बालगृहाच्या प्रमुख श्रीमती प्रेमलता सान्याल, म्हणतात, "कालिंदी, तू स्वल्पविरामालासुद्धा घाबरतेस." त्यांना वाटते तो स्वभाव आहे.

कलम तीन. १९४२ सालचा दसरा.

आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन होते. मुलांनी धुतलेल्या पाटीवर एकचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहायचे. ही रीत सगळ्या मराठी घरांत आहे. आमच्या घरी एक जास्तीची होती. पाट्यांच्या मधोमध काका रूळ ठेवत. दसऱ्याला शस्त्रे पुजतात ना, मग हे माझे शस्त्र, असे ते हसून सांगत. रुळालाही कुंकू, रुळालाही झेंडूचे फूल, आणि आम्ही तिघांनी वाकून त्याला नमस्कार करायचा. आलेल्या पाहुण्यांना याचे कौतुक वाटे.

उज्ज्वला डावखुरी होती. वर्षभर काकांनी तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीला पंच्याने बांधून ठेवला. उजव्या हाताने तिची अक्षरे पडक्या भिंतीसारखी येत. त्या सकाळी मी अंघोळीला गेले असताना तिने सरस्वती डाव्या हाताने काढली. मी आले तेव्हा ती शेवटचा एक ओढत होती. तिची आकृती तिघांत सर्वांत सुबक होती. मी पाहिले, आणि काही बोलले नाही.

काकांनी पाटी उचलली. खूश झाले. मग थांबले.

"कुठल्या हातानं काढलीस?"

उज्ज्वलाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"उजव्या?"

तिने मान हलवली. होय की नाही ते कळले नाही.

"कालिंदी," काका म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस. सांग."

मी म्हणाले, "डाव्या."

हे मी कोणाला सांगितलेले नाही. वय बारा होते, हे कारण म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते.

त्यांनी पाटावरचा रूळ घेतला. त्यावरचे फूल बाजूला ठेवले. उज्ज्वलाचा डावा हात पाटावर पालथा ठेवला आणि बोटांच्या सांध्यांवर मारायला लागले. ते मोजत होते, मीही मोजत होते, कारण मारताना मोजायची आम्हाला सवय होती. सातव्याला हाड मोडल्याचा आवाज आला. सुपारी फुटते तसा. तिने हात ओढून घेतला. आठवा तिच्या कपाळाच्या बाजूला बसला, पितळी टोपणाकडून, आणि ती पाटाच्या कोपऱ्यावर पडली. पडल्यावर त्यांनी आणखी दोन मारले. पाठीवर. मग म्हणाले, "ऊठ." ती उठली नाही. श्रीकांत भिंतीला तोंड करून उभा होता आणि त्याच्या चड्डीतून पाणी गळत होते. वडील जिन्यात उभे होते. वर आले नाहीत.

ती तिसऱ्या दिवशी गेली. मधल्या काळात ती ओकत होती, तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, आणि ती मला कालिंदीताई न म्हणता आई म्हणत होती. काकांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मेंदूज्वर लिहून दिले. ते आता हयात नाहीत. आई म्हणाली, "ताप होता म्हणायचं. तुझे वडील त्यांच्या अन्नावर आहेत. पाटी पूस." मी पाटी पुसली. ती सरस्वती मी पुसली.

खरे बोलले तेव्हा बहीण गेली, म्हणून पुढे चौदा वर्षे मी खोटे बोलले. यातून कोणी काही शिकावे असे नाही. घडले ते एवढेच.

कलम चार. दान.

मी तीन वर्षे बालगृहात कारकून आहे. आमच्याकडे एकतीस मुले आहेत. घरच्यांनी भाजलेली, बांधलेली, उपाशी कोंडलेली. उदाहरण एकच देते. शकुन, वय सात, कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या मिलवस्तीतली. सावत्र बापाने तिचे दोन्ही तळहात तापलेल्या तव्यावर दाबून धरले, पोळी करपली म्हणून. आमच्या कचेरीत रूळ नाही. मी पहिल्या आठवड्यात एक आणला होता. नोंदवहीत रेघा मारायला उचलला, तर खोलीतली सहा मुले टेबलाखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाहीत. तेव्हापासून आमच्या नोंदवह्यांत रेघा नाहीत. कागद दुमडतो आणि घडीवर लिहितो.

सध्याच्या जागेचा मालक ३० नोव्हेंबरला घर रिकामे करून मागतो. काकांचे शिबपूरला रिकामे दुमजली घर आहे. म्हणून मी ते निवेदन लिहिले आणि एस्प्लनेडच्या त्यांच्या कचेरीत नेऊन दिले. ते वाचताना तिसऱ्या पानावर ते रडले. खरोखर रडले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "छान लिहिलंस. एक काना-मात्रा चुकलेली नाही. कोण म्हणतं मुलींना घरी शिकवून काही होत नाही?" शिबपूरचे घर उज्ज्वलाच्या नावाने देतो म्हणाले. दसऱ्याला, तिच्या महिन्यात. मी आनंदाने ट्रामऐवजी चालत घरी आले. हेही लिहिले पाहिजे. खोट्याने मिळालेल्या घराचा मला आनंद झाला होता.

२ सप्टेंबरला, रविवारी, त्यांनी मला माडीवर बोलावले. संगमरवरी पाटीचा मजकूर तयार होता : "कु. उज्ज्वला निजसुरे, तापाने अकाली निधन." आणि दानपत्राचा मसुदा. त्यात एक कलम होते की दाते स्वतः आठवड्यातून तीन सकाळी मुलांचा वर्ग घेतील.

"आता कारखाना श्रीकांतचे मेहुणे बघतात," काका म्हणाले. "मला वेळ आहे. ही मुलं वळण नसलेली. वळण लावायला माणूस लागतो."

मी म्हणाले, "काका, घर द्या. वर्ग नको."

"का?"

"ती मुलं मार खाऊन आलेली आहेत."

"मार आणि शिस्त यातला फरक तुला मी शिकवला ना?"

"नाही," मी म्हणाले. "उज्ज्वलाला ताप नव्हता, काका."

रूळ टेबलावरच होता. ते चौसष्ट वर्षांचे आहेत, पण हात तसाच आहे. पहिला कानामागे बसला. मी खाली पडले तेव्हा दुसरा खांद्यावर, तिसरा पुन्हा डोक्याकडे आला, तो मी हाताने अडवला. करंगळी तेव्हाची वाकडी आहे. रूळ त्यांच्या हातातून निसटून माझ्याकडे घरंगळला. मी तो उचलला. एक क्षण मला तो त्यांच्यावर उगारावासा वाटला. नाही, हे पुरेसे खरे नाही. मी उगारला. त्यांनी दोन्ही हातांनी डोके झाकले, अगदी शकुन झाकते तसे, आणि माझा हात खाली आला. मी रूळ पदराखाली घेऊन जिना उतरले. मागून ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बरी हो. समारंभाला पट्टी दिसता कामा नये."

प्रेमलतादींना सगळे सांगितले. त्यांनी माझ्या कानाची सुटलेली पट्टी नीट बसवली. मग म्हणाल्या, "सही होऊ दे. मग बोल. मेलेल्यांना मी घर देऊ शकत नाही, कालिंदी. जिवंत एकतीस आहेत."

"आणि वर्ग?"

"वर्गाला मी रोज दारात उभी राहीन."

"तुम्ही तीन सकाळी उभ्या राहाल. चौथ्या सकाळी बाजारात जाल."

त्यांचे म्हणणे चूक आहे असे मी म्हणत नाही. पण सही घेऊन मग बोलणे हे मला काकांना फसवण्यासारखे वाटते, आणि न बोलणे हे मुलांना. दोन्ही न करता घर मिळवायचे आहे. त्यासाठी पुढचे कलम.

कलम पाच. दोन खोल्यांची व्यवस्था.

माझ्या मृत्यूनंतर साठ दिवसांच्या आत श्री. चारुदत्त निजसुरे यांनी शिबपूरचे घर नोंदलेल्या दानपत्राने बालगृहास दिले, आणि त्या दानपत्रात (अ) दाते त्या घराचा उंबरा कधीही ओलांडणार नाहीत, (आ) त्या घरात कोणत्याही मुलावर कोणीही हात किंवा वस्तू उगारणार नाही, आणि (इ) दारावरच्या संगमरवरी पाटीवर "ताप" हा शब्द नसेल, या तीन अटी असल्या, तर माझ्या दोन्ही खोल्या, अंगण व नळ श्री. चारुदत्त निजसुरे यांना मिळावेत. सगळे घर एकट्याचे असावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

तसे न झाल्यास त्या दोन खोल्या, अंगण, नळ आणि पुढच्या दाराचा हक्क बालगृहाला मिळावा, आणि एकतीस मुलांनी तिथे राहायला यावे. दाटी होईल. अंगणात छप्पर घालावे लागेल. मुले पुढच्या दाराने ये-जा करतील, मोठ्याने बंगाली बोलतील आणि रात्री स्वप्नात ओरडतील. काकांची निजायची खोली बरोबर वर आहे.

मी मेले नाही तरी हीच व्यवस्था आहे. त्यांनी नकार दिला तर पूजेच्या सुटीनंतर कचेऱ्या उघडताच मी खोल्यांचे बक्षीसपत्र बालगृहाच्या नावे करीन आणि मुलांबरोबर तिथेच राहीन.

ही धमकी आहे का, हा प्रश्न मी स्वतःला आठ दिवस विचारला. माझे उत्तर असे : खोल्या माझ्या आहेत, त्या कोणाला द्याव्या हे मी ठरवू शकते, आणि काय ठरवले ते आधी सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. तरीही त्यात धमकीचा अंश आहे. तो मी नाकारत नाही. काकांनी भीतीने दिलेले घरसुद्धा पावसात गळणार नाही. पण मनातून मला ते त्यांनी जाणून-समजून द्यावे असे वाटते. सोळा जुलैला ते रडले ते खोट्या वाक्यावर. खऱ्या वाक्यावर रडतात का, हे मला पाहायचे आहे.

कलम सहा. दारावरचा मजकूर. घर मिळाले तर एवढाच : "उज्ज्वला श्यामराव निजसुरे. वय आठ. डाव्या हाताने लिहीत असे." यात कोणावर आरोप नाही.

कलम सात. किरकोळ.

उज्ज्वलाची पाटी बालगृहात येणाऱ्या डावखुऱ्या मुलांनी वापरावी. काचेत ठेवू नये.

आईच्या बांगड्या शकुनला, वय अठरा झाल्यावर. तोवर प्रेमलतादींकडे. तिच्या हातांना त्या बसतील की नाही माहीत नाही. न बसल्यास मोडून तिच्या शिक्षणास लावाव्या.

शिवणयंत्र बालगृहाला. त्याचा पट्टा सैल आहे.

पोस्टातली बचत माझ्या क्रियेला वापरू नये. मुलांच्या दुधाला द्यावी.

चुलतभाऊ श्रीकांत, सध्या कानपूर, यास माझी कंपासपेटी. त्याला मी १९४२ची साक्ष देशील का म्हणून लिहिले होते. त्याचे उत्तर आले : "मीही मार खाल्ला. मी काय बिघडलो? माझ्या अशोकला मी तेच वळण लावतो आहे." अशोक सहा वर्षांचा आहे. कंपासपेटीत मी आमच्या बालगृहाचा पत्ता लिहून ठेवला आहे, मोठ्या अक्षरात, लहान मुलाला वाचता येईल असा.

शिसवी रूळ : कोणत्या कोर्टाला हवा असेल तर आधी तिथे द्यावा. एका टोपणाच्या खाचेत अजून कुंकू आहे. ते कुंकू आहे असे मी धरून चालले आहे. नंतर तो गंगेत सोडू नये. तरंगेल की बुडेल याची खात्री नाही, आणि तरंगला तर कोणाच्या तरी हाती लागेल. बालगृहाच्या चुलीत जाळावा. पितळ भंगारात द्यावे.

वडिलांबद्दल माझी तक्रार होती. ती मी मागे घेते. पूर्ण नाही.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीमती प्रेमलता सान्याल यांनी करावी. संस्था लाभार्थी असल्यामुळे त्यांची साक्ष घेतलेली नाही. मी त्यांचा सल्ला मानला नाही, तरी विश्वास त्यांच्यावरच आहे.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. शेवटची दोन पाने डाव्या हाताने. गेले चार आठवडे सराव केला. अक्षर वाईट आहे, पण लागते.

(सही) कालिंदी श्यामराव निजसुरे

साक्षीदार : आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली, सही करणारीस आम्ही ओळखतो, ती शुद्धीवर होती.

१. डॉ. दिगंबर आठल्ये, भवानीपूर. टाके मीच घातले. जखम पडल्याने झालेली नाही.

२. मीनाक्षी बेहेरे, शिक्षिका, समोरचे घर, हाजरा रोड. मजकूर वाचला. २ सप्टेंबरला कालिंदीला जिन्यावरून उतरताना मी खिडकीतून पाहिले होते. तेव्हा काही विचारले नाही, हे इथे नोंदवते.

स्थळ : कलकत्ता. दिनांक ३० सप्टेंबर १९५६, रविवार.

सहीनंतरची नोंद. या कागदाच्या तीन प्रती आहेत. एक डॉक्टरांकडे, एक प्रेमलतादींकडे. तिसरी मी काकांना वाचून दाखवणार आहे, पहिल्या शब्दापासून, त्यांच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, दानपत्रावर सही होण्याआधी. पाटावर यंदा रूळ नसेल, कारण तो माझ्याकडे आहे. त्या जागी मी उज्ज्वलाची पाटी ठेवीन. मी खोटे बोलत नाही हे त्यांना माहीत आहे. डॉक्टर आणि मीनाक्षीताई दाराशी उभे राहतील. वाचून झाल्यावर मी त्यांच्यापुढे शिबपूरच्या घराची दोन्ही दानपत्रे ठेवीन, वर्गाच्या कलमाचे त्यांचे आणि तीन अटींचे मी लिहिलेले, आणि लेखणी देईन. दिवस : विजयादशमी, रविवार, १४ ऑक्टोबर १९५६, सकाळी साडेनऊ.